बरी गाडी

दयानंद बेनाडीकरला उभ्या आयुष्यात कोणी तोंड भरून 'वा' म्हटलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती. बंगळूरच्या पीण्या भागातल्या एका छोट्या कारखान्यात तो तपासणीवर होता. शाफ्ट मोजायचे, मापात असले तर 'ओके'चा शिक्का मारायचा, नसले तर लाल रंग फासून बाजूला टाकायचे. ओकेच्या वरचा शिक्का त्या कारखान्यात नव्हताच. अशा ठिकाणी केस पांढरे केलेल्या माणसाला कौतुकाची चटक लागणं अवघड. त्याचं दुखणं एकाच माणसाबद्दल आणि एकाच शब्दाबद्दल होतं. माणूस म्हणजे त्याचे सासरे मल्हारराव आणि शब्द म्हणजे 'बरी'.

मल्हाररावांचं सासवडला शिवणकामाचं दुकान होतं. दयानंद निपाणीकडचा, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. लग्नाच्या बोलणीत मल्हाररावांनी त्याच्या नोकरीची चौकशी केली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरी आहे." लग्नानंतर जालहळ्ळीतलं घर बघायला आले तेव्हा खिडक्या उघडून बघितल्या आणि म्हणाले, "जागा बरी आहे." पुढे दयानंदने हौसेने रुपेरी सेडान घेतली. दुसऱ्या हाताची होती, पण आधीच्या मालकाने जपून वापरलेली. तिच्यातून त्याने सासू-सासऱ्यांना लालबाग दाखवली. सासूबाई, तानूबाई, पुढच्या सीटवर बसून लहान मुलीसारख्या बाहेर बघत होत्या. उतरल्यावर मल्हाररावांनी दार हलक्या हाताने लावलं, टपावर तळवा टेकला आणि म्हणाले, "गाडी बरी आहे."

आता मराठीत बरी म्हणजे चांगलीच की. डोक्यावर घेऊन नाचावं अशी नसेल, पण नाव ठेवायलाही जागा नाही. हे दयानंदला कळत नव्हतं असं नाही. पण कानडीत 'बरी' म्हणजे नुसती. बंगळुरात हॉटेलात बसून 'बरी इडली' म्हटलं की सोबत वडा येत नाही. दिवसभर कानडीत वावरणाऱ्या माणसाच्या कानाला आतून सवय लागलेली असते, ती घरी आल्यावर चपलांबरोबर बाहेर काढून ठेवता येत नाही. सासरे मराठीत बोलायचे आणि दयानंदला ते कानडीत लागायचं. नुसती नोकरी. नुसती जागा. नुसती गाडी. त्याने हे बायकोला, म्हणजे स्मिताला, एकदा सांगून पाहिलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "नानांचं तसंच असतं हो." आणि तिने पुढची जुडी सोडली.

तरी गाडी चालली होती. मोडता घातला तो साडूने. पुण्याचे संताजी, स्मिताच्या धाकट्या बहिणीचे यजमान, त्यांनी भलीमोठी नवी गाडी घेतली. त्या रात्री जेवताना मल्हाररावांचा फोन आला. स्मिताने तो स्पीकरवर टाकला आणि दयानंदने स्वतःच्या कानांनी ऐकलं: "संताजींची गाडी पाहिली. सुरेख आहे."

दयानंदने ताटातली भाकरी तशीच ठेवली. सुरेख. हा शब्द या माणसाजवळ होता तर! इतकी वर्षं होता आणि त्यांनी तो जपून ठेवला होता, संताजींसाठी.

त्याच फोनवर ठरलं की मल्हारराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बंगळूरला येणार. तानूबाई गेल्यापासून ते सासवडला एकटेच होते आणि डोळ्यांनी आता सुईत दोरा जाईना. फोन ठेवल्यावर स्मिता औषधांचं, पथ्याचं बोलत राहिली. दयानंद 'हं, हं' करत होता. नवी गाडी घेणं काही शक्य नव्हतं, पण जुनीच नवी दिसायला लागली तर कोण अडवणार होतं? या खेपेला सासऱ्यांकडून गाडीला 'सुरेख' म्हणवून घ्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

जे.सी. रोडच्या मागच्या गल्लीत मंजुनाथ नावाच्या गृहस्थाचं दुकान होतं. गाड्यांना बाहेरून चढवायचा साज तिथे मिळायचा. भिंतीवर बंपर टांगलेले होते, माळ्यावर गाडीच्या शेपटीला लावायचे स्पॉयलर रचलेले होते आणि सगळीकडे फायबरची पांढरी पूड होती. मंजुनाथने बाहेर येऊन गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "बरी बंपर बेका सार, फुल किट्टा?"

म्हणजे, नुसता बंपर हवा की पूर्ण किट. साधा धंद्यातला प्रश्न. पण दयानंदच्या कानात तो शब्द गेला आणि त्याचा पारा चढला.

"फुल!" तो म्हणाला. "एल्ला हाकी." सगळं लावा.

त्याच्या गाडीच्या मॉडेलचं किट कोणी बनवतच नव्हतं, कारण त्या मॉडेलच्या मालकांना असलं काही सुचत नसे. जे मिळालं ते दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, तिच्यापेक्षा थोडं रुंद. "स्वल्प अडजस्ट माडोणा सार," मंजुनाथ म्हणाला. या शहरात हे वाक्य बोलून पूलही बांधतात, त्यामुळे दयानंदने मान डोलावली.

मग ते स्वल्प अडजस्ट सुरू झालं. पुढचा मूळ बंपर उतरवला तेव्हा आतून उंदराचं जुनं घरटं निघालं. फायबरच्या कडा ग्राइंडरने घासल्या, भोकं पाडली, पुट्टी भरली. गाडीचा रुपेरी रंग उन्हाने असा विटला होता की त्याच्याशी जुळेल अशी छटा मिळेना, म्हणून किटला चकचकीत काळा मारायचं ठरलं. दयानंद कारखान्यातून सुट्टी काढून तिथे स्टुलावर बसला होता. बंपर बसल्यावर त्याने उठून फटी तपासल्या. डावीकडे नख जात होतं आणि उजवीकडे बोट.

"हे मापात नाही," तो कानडीत म्हणाला.

"सार," मंजुनाथ शांतपणे म्हणाला, "इदु गाडी. बेरिंग अल्ला."

ही गाडी आहे, बेरिंग नव्हे. दयानंद पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मापात नसलेल्या वस्तूला मनातल्या मनात ओकेचा शिक्का मारला. दोन्ही बाजूंना पायरीसारख्या पट्ट्या लागल्या, मागे स्पॉयलरचा पंखा चढला, सीटना लाल शिवणीची कव्हरं आली. गाडी चहूबाजूंनी फुगली आणि खालून जमिनीला टेकायला आली.

गाडी घरी आली तेव्हा स्मिता पदराला हात पुसत खाली आली आणि बराच वेळ बघत राहिली. "अहो," ती म्हणाली, "ही आपली गाडी की वरातीचा घोडा?"

"बंपर बदलायचाच होता," दयानंद म्हणाला.

"तो घासला होता, मान्य आहे. पण मागच्या पंख्याचं काय? उडायचं आहे?"

तो वाकून बंपरची खालची कड बघायला लागला. घर ते यशवंतपूर स्टेशन या रस्त्यावरचे सगळे गतिरोधक त्याने सासरे येण्याच्या आदल्या दिवशी गाडी फिरवून पाहून ठेवले. नवा बंपर प्रत्येकावर खर्रकन घासत होता. तिरकी घातली तर थोडा कमी.

मल्हारराव रेल्वेतून उतरले ते आणखी वाकलेले वाटले. दयानंदने पिशवी घेतली आणि त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. गाडी त्याने मुद्दाम उन्हात, मोकळ्या जागी लावली होती. मल्हारराव थांबले, डोळे बारीक केले, चकचकीत काळ्या बंपरवर बोटं फिरवली.

"वा," मल्हारराव म्हणाले. "सुरेख आहे."

दयानंदला भरून आलं. खोटं कशाला सांगा, त्याने पिशवी डिकीत ठेवताना डोळे पुसले. मल्हारराव पुढे न बसता मागे बसले, बसण्याआधी चपला एकमेकींवर आपटून झाडल्या, काठी मांडीवर आडवी घेतली आणि पाठ न टेकता ताठ राहिले. सासऱ्यांनी गाडीला मान दिला, असं दयानंदला वाटलं. प्रत्येक गतिरोधकावर खालून खर्र आवाज येत होता आणि तो गालातल्या गालात हसत होता.

हे सुख चारआठ दिवस टिकलं. मग त्याच्या लक्षात यायला लागलं की मल्हारराव हल्ली पुष्कळच गोष्टींना सुरेख म्हणतात. कोपऱ्यावरच्या हॉटेलातली इडली सुरेख होती. शेजारच्या पुष्करच्या, म्हणजे पुण्याहून आलेल्या संगणकवाल्याच्या, दारावरची नावाची पाटी सुरेख होती. दवाखान्यातली फरशीसुद्धा सुरेख होती, आणि ती तर त्यांना धड दिसतही नव्हती. घरात मात्र आमटी बरी होती. स्मिता बरी होती. दयानंद अस्वस्थ झाला, पण का ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

ऑपरेशनच्या दिवशी ते मल्लेश्वरमला वेळेआधी पोचले आणि दवाखान्यासमोर झाडाखाली गाडीतच बसून राहिले. मल्हाररावांनी घसा खाकरला.

"दयानंदराव, ही गाडी परत कधी द्यायची आहे?"

"कुणाला, मामा?"

"ज्यांच्याकडून मागून आणलीत त्यांना. माझ्यामुळे तुम्ही लोकांचे उपकार घेताय. ती बरी गाडी कुठे आहे? आपली?"

दयानंद मागे वळला.

"विकली असेल तर तसं सांगा," मल्हारराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "तुमची वस्तू, तुम्ही विकणार. मी कोण विचारणारा? पण तानू तिच्यात बसली होती हो. त्या बागेत गेलो तेव्हा."

"मामा, ही तीच आहे," दयानंद म्हणाला. "मी तिला हे सगळं चढवलं."

मल्हाररावांनी सीटवरून हात फिरवला. कव्हराच्या शिवणीवर अंगठा थांबला, आणि ती कच्ची आहे हे त्यांना आंधळेपणीही कळलं असावं. "का?"

"तुम्ही संताजींच्या गाडीला सुरेख म्हणालात." हे म्हणताना आपण किती वर्षांचे आहोत याची दयानंदला लाज वाटली, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "माझ्या गाडीला बरी म्हणालात. नोकरीला बरी. घराला बरी. इथे कानडीत बरी म्हणजे नुसती, मामा. मला लागतं ते."

मल्हाररावांचा अंगठा पुन्हा त्या कच्च्या शिवणीवरून फिरला. बाहेर फुलं विकणारी बाई हार मोजत होती.

"मी शिंपी माणूस," ते शेवटी म्हणाले. "सुरेख हा दुकानातला शब्द. सकाळपासून रात्रीपर्यंत तेच. सुरेख बसलंय, सुरेख दिसतंय, घ्या, पिशवी घ्या. तोच शब्द घरी कसा वापरायचा? गिऱ्हाईकाचा उष्टा झालेला. घरच्यांना बरं म्हणायचं. पोरींना म्हणायचो, झंपर बरा बसलाय हो. त्या खूश व्हायच्या."

"आणि संताजी?"

"संताजी चांगले आहेत. पण त्यांच्याकडे गेलं की मला गिऱ्हाईक आल्यासारखं वाटतं. काय करणार?" त्यांनी काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "तानूला मी जन्मभर बरी म्हटलं. बरी दिसतेस, बरी झाली भाजी. दवाखान्यात होती तेव्हा एकदा काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून गेलं, सुरेख दिसतेस. तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं वाटतं."

दयानंदने पुढे बघत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"नव्हतं सांगितलं अजून," मल्हारराव म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सांगितलं."

आतून त्यांच्या नावाची हाक आली. दयानंदने त्यांना हाताला धरून पायऱ्या चढवल्या.

त्याच आठवड्यात तो पुन्हा जे.सी. रोडला गेला. सगळं काढायचं म्हटल्यावर मंजुनाथला वाईट वाटलं. एवढं झकास काम गावात दुसरं नव्हतं, असं त्याचं म्हणणं होतं. निदान मागचा पंखा तरी राहू दे, चन्नागिदे सार, चांगला दिसतोय, तो म्हणाला.

"एनू बेडा," दयानंद म्हणाला. "बरी गाडी साकु."

काही नको, नुसती गाडी पुरे, असं मंजुनाथने ऐकलं, आणि कानडीत ते बरोबरच होतं. त्याने माळ्यावरून जुना बंपर खाली काढला. दयानंद ते वाक्य मनाशी पुन्हा एकदा मराठीत म्हणाला आणि स्टुलावर बसला.

पंख्यासाठी पाडलेली भोकं डिकीच्या झाकणावर राहिली. ती रबरी बुचांनी बंद केली, तरी दिसायची ती दिसतच होती. परतीच्या दिवशी मल्हारराव काळा चष्मा लावून खाली आले. गाडीजवळ थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नव्या डोळ्याने तिला पुढून मागून बघितलं. बुचं मोजल्यासारखी बोटाने दाबून पाहिली. मग न विचारता पुढच्या सीटवर बसले, सुपारीची डबी दाराच्या खणात टाकली आणि पाठ टेकली.

"बरी आहे," ते म्हणाले.

दयानंदने गाडी सुरू केली. पहिल्या गतिरोधकावरून ती काहीही आवाज न करता गेली. स्टेशनवर दयानंदने पिशवी उचलली. फलाटावर डबा सापडला, पिशवी वर ठेवून झाली, तेव्हा मल्हाररावांनी खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं. काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि कॉलर नीट केली.

"काय हो, हा चष्मा कसा काय दिसतो मला? बावळट तर नाही ना?"

दयानंदच्या ओठावर 'छान' आलं होतं. ते त्याने गिळलं.

"बरे दिसता, मामा," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने दोनदा मान हलवली, मग चष्म्याखालून रुमाल घातला आणि डॉक्टरांनी मनाई केलेली असताना डोळे पुसले.