लाखेच्या टोकाचे तीर

आमचं घर पिढीजात बांबूचं काम करणारं. भालकीच्या बाजारात माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या टोपल्या-सुपांना ठरलेलं गिऱ्हाईक असे. धनुष्यं सुरू झाली ती चिटगुप्प्याच्या शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांमुळं. त्यांना पोरांना नेमबाजी शिकवायची होती आणि हैदराबादेहून सामान मागवणं शाळेच्या आवाक्यात नव्हतं. अप्पांनी केलेलं पहिलं धनुष्य ओढताच मोडलं. मग सावलीत वाळवलेला बांबू, निखाऱ्यावर धरून दिलेला बाक, वरून एरंडेल, असं करत करत त्यांना ते साधलं. पुढं आसपासच्या शाळाही मागू लागल्या.

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, बोरूचे तीर करायचा. आई, आमची अव्वा, पिसं चिकटवायची. अंबाडीची दोरी वळून तिला मेण लावायचं काम माझं. तिराला लोखंड नसायचं. टोकाला अण्णा बोराएवढा लाखेचा गोळा बसवायचा, आणि लेकरांना लागू नये म्हणून प्रत्येक गोळा स्वतःच्या गालावर फिरवून बघायचा. सामान पोचवायला शाळेत गेला की दिवसभर तिथंच रमायचा.

निजामाचं राज्य संपायच्या आधीचा हिवाळा होता. गावं भेदरलेली, वाटांवर नाके बसलेले. चिटगुप्प्याला जायचं सामान बैलगाडीत भरताना अव्वा म्हणाली, "औंदा जाऊ नको रं. दिवस बरे न्हाईत."

"शाळेचं सामान हाय, अव्वा. मला कोण कामून अडवंल?" अण्णा हसला.

संध्याकाळी गाडीवान एकटाच परत आला. नाक्यावर गाडीची झडती झाली होती, धनुष्यं बघून अण्णाला ठाण्यात नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अप्पांबरोबर मीही गेले. ठाण्याच्या फौजदाराच्या, अमीनसाहेबांच्या टेबलाशेजारी आमचा माल ढीग करून टाकलेला. अप्पांनी त्यातला एक तीर उचलला आणि टोक स्वतःच्या गळ्यावर दाबलं.

"बघा साहेब. यानं पाखरू बी मरत न्हाई. लेकरांचा खेळ हाय ह्यो."

"आज लाख है," अमीन म्हणाले. "कल लोहा बिठाते तुम लोग."

ते ओरडले नाहीत. त्यांचा स्वतःचा चेहराही जागरणानं उतरलेला होता. शेवटी म्हणाले, घरात असेल तेवढं सगळं जाळा, पुन्हा करणार नाही म्हणून कबूल व्हा, मग मुलाचं बघतो.

उसाचे दिवस होते. शेजारच्या गुऱ्हाळाच्या भट्टीत अप्पांनी एकेक धनुष्य स्वतःच्या हातानं सारलं. आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. जळत्या लाखेचा वास उकळत्या रसाच्या वासात मिसळला. गुऱ्हाळवाल्यानं प्रेमानं दिलेला त्या दिवशीचा गूळ मी तसाच बैलापुढं धरला.

अण्णा सुटला, पण गार फरशीवर झोपून झोपून छाती धरली होती. बसल्या जागी धाप लागायची. एकदा त्यानं विचारलं, "अप्पा, समदं जाळलाव?"

"व्हय."

"बरं केलाव," म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून पडला. वैद्य झाले, भालकीचा डॉक्टर झाला. पेरण्यांच्या तोंडावर अण्णा गेला.

राज्य बदललं, शाळा पुन्हा भरू लागल्या. एके दुपारी ते कवायतीचे मास्तर आले. त्यांना अण्णाचं कळलेलं नव्हतं. ओसरीवर टेकत म्हणाले, "पोरं धनुष्यं कधी येणार म्हणून इचारायलीत."

अप्पा सुपाची कड बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "सूप लागलं तर सांगा, मास्तर. ते देतो."

मी मास्तरांना पाणी दिलं आणि काय झालं ते हळू आवाजात सांगितलं. त्यांनी तांब्या तसाच खाली ठेवला. मग आतून अव्वा आली, दाराला टेकून उभी राहिली.

"मास्तर, माझं लेकरू शाळंत काय करायचं वो? आमी कदी बघितलंच न्हाई."

मास्तर सांगू लागले. सगळ्यात बारक्या पोरामागं अण्णा गुडघ्यावर बसायचा, त्याचं कोपर खालून धरायचा, आणि तीर कुठंही पडला तरी "भले!" म्हणून ओरडायचा.

अव्वा खाली बसली. "आनिक सांगा," म्हणाली.