पाटावरून दिसलेलं घर

डोंबिवलीच्या एका चाळीत राहणाऱ्या मंदाकिनी ओगले लग्नाआधी ठाण्याच्या शाळेत ड्रॉइंगच्या परीक्षा पास झाल्या होत्या. पुढे संसारात रंगांची पेटी फडताळात पडून राहिली. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर त्यांनी ती बाहेर काढली आणि महिनाभर रोज दुपारी पाटावर बसून आपलंच स्वयंपाकघर जलरंगात रंगवलं.

१९५४ साली गावात चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. निवड करणारे दातार मास्तर चित्र बघून म्हणाले, "बाई, पर्स्पेक्टिव्ह चुकलंय, जवळ-लांबच्या रेषा जुळत नाहीत. भांड्यांच्या मांडणीच्या फळ्या खालून दिसतायत. तुम्ही फुलं काढा, बायकांना ती छान जमतात."

मंदाकिनीबाईंनी पिशवीतून शिवणाचा दोरा काढला. तो आधी चित्रातल्या फळीच्या कडेवर ताणून धरला, मग शहाबादी फरशीच्या सांध्यांवर, मग बाजूच्या खिडकीच्या चौकटीवर. दरवेळी दोरा चित्रातल्या समोरच्या भिंतीवरच्या एकाच ठिपक्यातून गेला, आणि तो ठिपका पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर होता.

"रेषा चुकल्या नाहीत, मास्तर. तुम्ही उभ्याने बघताय. मी दिवसभर खाली बसून रांधते. तिथून घर असंच दिसतं."

दातारांनी दोरा स्वतः धरून पाहिला. "बरोबर आहे," ते हळूच म्हणाले, "पण स्वयंपाकघर बघायला कोण येणार?"

"लावायचं तर हेच लावा. नाहीतर घेऊन जाते."

त्या तिथून हलल्या नाहीत. शेवटी दातारांनीच भिंतीवर जागा केली. पुढच्या वर्षी बाईंनी शेजारणींच्या तीन खोल्यांची चित्रं प्रदर्शनात नेली, आणि कुणाला न विचारता स्वतःच्या हातांनी खिळे ठोकले.