जुन्या डब्यावरचा स्टिकर

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. टाइपिंगचा क्लास घेण्यात उमेदीची वर्षं गेली, तिथल्या मुलींनी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. क्लास बंद पडला तेव्हा त्यांची थोरली बहीण, ताई, देवाला साकडं घालून बसली होती, आणि त्याच आठवड्यात इस्पितळातून बोलावणं आलं. डॉक्टर एक्स-रे बघून बोलायचे, ते बोलणं रेकॉर्ड होऊन घरच्या कॉम्प्युटरवर यायचं, मास्तरांनी ऐकून टाइप करायचं आणि परत पाठवायचं. अकरा वर्षं. डॉक्टरांचं खोकणं तेवढं वगळून बाकी सगळं कागदावर, एक काना इकडचा तिकडे नाही. मास्तरांचा रिपोर्ट डॉक्टर न वाचताच सही करतात असं तिथली नर्स सांगायची, आणि मास्तर वरवर रागवायचे, "वाचायला नको का त्यांनी!"

एका मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर चालू करायला गेले तर नुसता करपल्याचा वास. खालच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने डबा उघडून पाहिला आणि स्क्रू परत वाटीत टाकले.

"मदरबोर्डच गेला, मास्तर. यात आता काही राम नाही."

नेमकं तेव्हाच इस्पितळाचं पत्र येऊन पडलं होतं. बाहेरून काम करणाऱ्या प्रत्येकाचा कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती सिस्टिम ओरिजिनल, लायसन्सची हवी. तसा फॉर्म शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायचा, नाहीतर काम बंद.

मास्तर निर्धास्त होते. त्यांचा कॉम्प्युटर दुकानातून आला तोच आत सिस्टिम घालून, आणि लायसन्सच्या नंबराचा स्टिकर डब्याच्या कडेला होता. दुरुस्तीवाल्याकडे एका बंद झालेल्या ऑफिसातला वापरलेला पण धडधाकट डबा होता, आतून कोरा. तो मास्तरांनी घेतला.

"सिस्टिम माझीच घालायची यात," ते म्हणाले. "लायसन्स आहे माझ्याकडे."

"ते जुन्या डब्याबरोबर आलेलं ना? ते असं इकडून तिकडे नेता येत नाही बहुतेक. विचारून घ्या एकदा."

"कपाट बदललं म्हणून कपडे टाकून देतो का आपण?"

दुरुस्तीवाला हसला. मास्तरांशी वाद कोण घालणार!

गुरुवारी दुपारी बहीण-भाऊ स्वयंपाकघरात स्टिकर सोडवायला बसले. ताईने किटली धरली, मास्तरांनी वाफेवर डबा तिरका केला आणि सुरीच्या पाठीने कोपरा उचलला.

"बाळंतिणीला शेक द्यावा तसं चाललंय तुझं," ताई म्हणाली.

"बोलू नकोस, हात हलतो."

"हात माझा हलतोय, वयामुळे. तुझा हलतोय भीतीमुळे."

स्टिकर अखंड निघाला. नव्या डब्यावर तो पट्टी लावून सरळ बसवला आणि मास्तर फॉर्म भरायला बसले. शेवटच्या दिवसापर्यंत थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सिस्टिम ओरिजिनल आहे का? होय. याच कॉम्प्युटरवर चालू आहे का? होय. लायसन्सचा नंबर? पंचवीस अक्षरं, तीनदा ताडून पाहिली. वरील माहिती खरी आहे, खाली सही. संध्याकाळच्या आत ताई स्वतः इस्पितळाच्या खिडकीवर देऊन आली.

शुक्रवारी दुरुस्तीवाल्याने सिस्टिम घालून दिली. नंबर मास्तरांनी स्वतः टाइप केला. पडद्यावर आलं, हा नंबर या कॉम्प्युटरवर चालणार नाही.

मास्तरांना पहिली शंका आली ती स्वतःच्या बोटांची. पुन्हा टाइप केला. मग वाटलं, वाफेने एखादं अक्षर पुसट झालं असेल. भिंग लावून, आठाच्या जागी बी, शून्याच्या जागी ओ, सगळं करून पाहिलं. जेवायला हाक मारून ताई थकली.

"अरे, ते नाही म्हणतंय ना? मग किती वेळा विचारशील?"

"चूक माझीच असणार, ताई. मशिन कशाला खोटं बोलेल?"

शनिवारी त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. बाईचा आवाज मृदू होता.

"सर, तुमचा नंबर बरोबर आहे. पण हे लायसन्स मशिनबरोबर आलेलं आहे. ते त्या मदरबोर्डशीच जोडलेलं असतं. दुसऱ्या मशिनवर नेता येत नाही."

"पण मी विकत घेतलंय ते."

"त्या मशिनसाठी घेतलंय, सर."

"ते मशिन जळालं."

"मग लायसन्सही त्याच्याबरोबर संपलं, सर. नवीन घ्यावं लागेल."

मास्तरांनी आभार मानले आणि फोन ठेवला. नवीन घेता आलं असतं. पण गुरुवारचा तो फॉर्म?

सोमवारी सकाळीच ते इस्पितळात गेले. कॉम्प्युटर विभागातल्या साहेबापुढे फॉर्म उघडाच होता.

"हा नंबर दुसऱ्याच मशिनचा दाखवतोय. तुम्ही तर लिहून दिलंत, याच कॉम्प्युटरवर चालू आहे म्हणून."

"मला वाटलं, स्टिकर लावला की..." मास्तर घाईने पुढे म्हणाले, "आजच नवीन घेतो, साहेब."

"नवीनचा प्रश्नच नाही आता. चालू नसताना चालू म्हणून सही केलीत. इथे लोकांच्या तब्येतीचे कागद असतात. खोटी माहिती देणाऱ्याकडे ते कसे द्यायचे?"

साहेब चिडलासुद्धा नाही. चिडला असता तर मास्तरांना काही बोलता आलं असतं.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "देवाला ठाऊक आहे तू खोटं बोलला नाहीस."

"देवाच्या सहीचं पत्र घेत नाहीत तिथे," मास्तर म्हणाले. असं ते कधी बोलत नसत. ताईने त्या दिवशी प्रार्थनेत त्यांच्यासाठी क्षमाही मागितली.

त्यांनी साहेबाला तीन पानी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. डॉक्टरांना फोन केला, ते "बघतो" म्हणाले. दीड महिना गेला. मास्तर सकाळी दाढी करायचे, अंघोळ करायचे, आणि मग पुढे काय करायचं ते न सुचून पलंगाच्या कडेला बसायचे.

ताईचा गुडघा सुजला म्हणून ती एकटीच इस्पितळात जाऊन एक्स-रे काढून आली. रिपोर्ट तिने भावापुढे धरला. "बघ रे, काय म्हणतायत."

मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. पहिल्या ओळीत डावा गुडघा होता, दुसऱ्या ओळीत त्याचा उजवा झाला होता. खाली डॉक्टरांची सही होती, नेहमीची, न वाचता केलेली.

"तुझा कुठला दुखतो?" त्यांनी विचारलं.

"डावा. का?"

मास्तरांनी कागदाची घडी घालून तिच्या हातात परत दिली.

"परत जाऊन बदलून आण," ते म्हणाले. "माझं नाव सांगू नकोस. सांगितलंस तर बदलून देणार नाहीत."