सख्खा भाऊ आला तरी

रत्नागिरी तालुक्यातल्या किमान तीस-चाळीस फोनमध्ये माझा फोटो 'या माणसापासून सावध राहा' या ओळीखाली जपून ठेवलेला आहे. त्यातल्या अकरा जणांना तो मीच पाठवला.

मी एका बँकेत नोकरी करतो. (नाव सांगत नाही. बँकेला आधीच पुरेसा मनस्ताप झाला आहे.) गेली तीन वर्षं बँकेने माझ्या गळ्यात एक जादा काम अडकवलं आहे. गावोगाव जायचं, देवळाच्या सभामंडपात लोकांना गोळा करायचं आणि फोनवरून होणाऱ्या फसवणुकीवर भाषण करायचं. हे काम मी मनापासून करतो. भाषणातली काही वाक्यं तर माझी स्वतःची आहेत. उदाहरणार्थ, "फोनवर येणारे सहा आकडे, म्हणजे ओटीपी, सख्खा भाऊ आला तरी सांगायचा नाही." किंवा, "चोर म्हणेल, मी बँकेचाच साहेब. त्याला म्हणायचं, असशील." आणि शेवटी, "संशय आला तर माणसाला बोलण्यात गुंतवा, बसवा, सरबत द्या आणि या नंबरवर फोन करा." मग मी फळ्यावर माझाच नंबर लिहितो. लोक माना डोलावत ऐकतात. मला इतके दिवस वाटायचं की त्यांना झोप येते. ते सगळं पाठ करत होते, हे मला फार उशिरा कळलं.

माझी थोरली बहीण, ताई, भाट्याला राहते. वय साठ. भावोजी बोटीवर होते, ते आता निवृत्त होऊन परसातल्या माडांवर कप्तानगिरी करतात. ताईच्या अंगात एकच कला आहे, पण ती अशी की समोरचा माणूस घाबरतो. ती नक्कल करते. कोळीण भाव सांगून झाल्यावर टोपलीवरचं फडकं कसं ओढते, राजापूरच्या गाडीचा कंडक्टर सुट्टे नसलेल्या बाईकडे कसा बघतो, भावोजी कपाळावरचा चष्मा घरभर कसा शोधतात. ताई नुसती मान वळवते आणि तो माणूस स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो.

ही कला स्टेजवर गेली नाही, त्याला कारण मी. ताई आठवीत होती, मी दुसरीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिची हेडमास्तरांची नक्कल होती, आणि तीही हेडमास्तरांच्या परवानगीने. मला तिने पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्या दुपारी मी काजूची बोंडं खाल्ली होती. किती खाल्ली ते मी मोजलं नव्हतं, पण पोटाने बरोबर मोजलं. ताईचं नाव पुकारलं गेलं त्याच क्षणी मी रडत विंगेत पोचलो. तिने एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा माझ्या चड्डीकडे, आणि माझा हात धरून घरची वाट धरली. बक्षीस कविता म्हणणाऱ्या एका मुलीला मिळालं. पुढच्या वर्षी ताईची शाळाच सुटली. (त्याचं कारण आईचं आजारपण होतं, मी नव्हे. पण अपराधी माणूस एवढी बारकाई करत नाही.) या गोष्टीचा तिने आजवर एकदाही उल्लेख केला नाही. केला असता तर मी केव्हाच सुटलो असतो.

म्हणून गेल्या वर्षी 'कोकणातल्या कलाकारांची ऑनलाइन स्पर्धा' अशी जाहिरात दिसली तेव्हा मला ती वरून आलेल्या समन्ससारखी वाटली. घरी व्हिडिओ करून पाठवायचा, लोकांनी मतं द्यायची, आणि पहिल्या दहांना रत्नागिरीत भरल्या नाट्यगृहात स्टेजवर बोलावणार. ताईला सांगितलं तर म्हणाली, या वयात कसली सोंगं करायला लावतोस मेल्या. मी हिरमुसून निघालो, तर भावोजी फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "ती जाहिरात तिनेही पाहिलीय. कालपासून हिरवी साडी इस्त्री करून ठेवलीय. तू ये मोबाइल घेऊन."

व्हिडिओ उत्तम झाला. आमच्या सगळ्या नातेवाइकांनी त्याला हसरे चेहरे, अंगठे, फुलं, फटाके, सगळं पाठवलं. मतं मात्र सहा आली. कारण मत देताना आपला फोन नंबर टाकावा लागे, मग फोनवर सहा आकडे येत, ते टाकले की मत पक्कं. आणि सहा आकडे दिसले की माझ्या परिचयातला प्रत्येक माणूस फोन पालथा घालून ठेवत होता. माझ्या चुलतभावाला मी स्वतः फोन करून समजावलं. तो म्हणाला, "नंदू, तूच ना सांगून गेलास, सख्खा भाऊ आला तरी? मी तर चुलत."

मतदान संपायला आठवडा उरला तेव्हा कशीबशी ताई सोळाव्या नंबरावर पोचली. ती मला विचारत नव्हती. पण मी गेलो की चहा ठेवता ठेवता म्हणे, "त्या राजापूरच्या बासरीवाल्याचं बरं चाललंय नाही?" म्हणजे ती रोज बघत होती. मला राहवेना. शनिवारी मी स्कूटर काढली आणि मतं मागायला आतल्या गावांकडे निघालो. तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे बटणांचे फोन असतात. त्यांना ओटीपी येतो, पण इंटरनेट नसतं. माझ्या फोनवर इंटरनेट होतं. तेव्हा त्यांचा नंबर मी माझ्या फोनवर टाकायचा, आकडे त्यांच्या फोनवर येणार, ते त्यांनी मला सांगायचे. किती सोपं! (भामटे नेमकं हेच करतात, असं माझ्या भाषणात बाराव्या मिनिटाला येतं. पण भाषण करताना मी स्वतः ऐकत नाही.)

त्यात माझे डोळे आले होते. त्यामुळे काळा गॉगल, उन्हासाठी टोपी. मी पाच घरं फिरलो. पाचही घरांनी मला प्रेमाने बसवून घेतलं, आणि माझा संशय घेण्याइतकं शहाणपण त्यांना मीच शिकवलं आहे, हे मला पाच पेले सरबत पिऊनही कळलं नाही. मतं मिळाली शून्य.

संध्याकाळी घरी टेकलो, तर व्हॉट्सॲपवर एक इशारा आला होता. 'गावात एक अनोळखी इसम स्पर्धेच्या नावाखाली वृद्धांकडे ओटीपी मागत फिरत आहे. या माणसापासून सावध राहा.' सोबत पाठमोरा फोटो. निळ्या चौकटींचा शर्ट, टोपी काढून काखेत मारलेली, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला चांगलं बशीएवढं टक्कल. माझं रक्त उसळलं. मी ताबडतोब 'अशा नीच माणसांना समाजाने धडा शिकवला पाहिजे. तुमचा बँकमित्र' अशी स्वतःची ओळ जोडून तो अकरा जणांना पाठवला आणि बायकोला दाखवला.

तिने चष्मा लावून पाहिला. "अहो, हा शर्ट मी घेतलाय."

"तसे शर्ट पुष्कळ असतात."

"डोकं पण मीच रोज बघते."

मला मागून टक्कल पडलं आहे, ही बातमी मला अशी मिळाली. बायको म्हणाली, आता उद्या कुठे जाऊ नका. पण उद्या शेवटचा दिवस होता, आणि ताई तेराव्या नंबरावर होती. मी बायकोचा सल्ला पूर्णपणे डावलला नाही. शर्ट बदलून गेलो.

रविवारी सकाळी मी ज्या वाडीत शिरलो तिथे सहा महिन्यांपूर्वी माझं भाषण झालं होतं. पहिल्याच घरात भागीआजी नावाची एक आजी तांदूळ निवडत बसली होती. गोष्ट समजावली, नंबर टाकला, तिच्या फोनवर आकडे आले.

"आजी, आले का सहा आकडे?"

"आले हायत. पन सांगायचे नसतात."

"कोणी सांगितलं?"

"ब्यांकेचा सायब आलेला. सख्खा भाऊ आला तरी सांगू नको म्हनाला."

"आजी, तो साहेब मीच!"

आजीने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "असशील," ती म्हणाली. "बस. कोकम सरबत देतंय."

मी बसलो. दुसरं काय करणार? सरबत संपायच्या आत गावचे पोलीस पाटील आणि मागून निम्मी वाडी अंगणात हजर झाली. मी ओळखपत्र काढलं, तर आजी म्हणाली, ती छापून मिळतात, सायबांनी दाखवलेलीन. मी चेहरा ओळखावा म्हणून गॉगल काढला, तर माझे लालभडक डोळे बघून मागून कोणीतरी म्हणालं, प्यायलाय पण. पोलीस पाटलांनी मोबाइलवर तो इशाऱ्यातला फोटो उघडून हातात धरला.

"जरा वळा बघू."

मी वळलो.

"टक्कल जुळतंय," ते म्हणाले.

मग ते रीतसर देवळात गेले आणि फळ्याच्या कोपऱ्यात सहा महिने जपून ठेवलेला माझा नंबर त्यांनी फिरवला. इकडे माझ्या खिशात फोन वाजला. मला वाटलं, सुटलो. अंगणात मात्र सगळे माझ्या खिशाकडे बघायला लागले, आणि भागीआजी कपाळावर हात मारून म्हणाली, "सायबाचा फोनपन मारलान मेल्यान."

शेवटी मी हात जोडून म्हटलं, माझ्या बहिणीला फोन लावा. स्पीकरवर लावा. पोलीस पाटलांनी लावला.

"बाई, इथे एक इसम धरलाय. तुमचा भाऊ म्हणवतो."

"कसा आहे दिसायला?" पलीकडून ताई.

"मागून टकला. पुढून लाल."

"करत काय होता?"

"तुमच्यासाठी ओटीपी मागत होता."

पलीकडून नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं, रेंज गेली. आणि मग त्या फोनमधून मी बोलायला लागलो.

"बंधूंनो, भगिनींनो, आणि मागे कुजबुज करणाऱ्यांनो..." अगदी माझा आवाज. पहिल्या भाषणाची तालीम मी तिच्या पडवीत केली होती, एकदाच. तेवढं तिला पुरलं होतं. मी 'सहा आकडे' म्हणताना सहावर उगाच जोर देतो, तो जोर. 'सख्खा भाऊ' म्हणण्याआधी घसा खाकरतो, ते खाकरणं. मधे पाण्याचा घोट घेतो तेव्हा गळ्यातून 'गुटुक' असा आवाज येतो, तोही तिने काढला. असा आवाज येतो हे मला ठाऊक नव्हतं. वाडीला ठाऊक होतं. आधी भागीआजी हसली, मग पोलीस पाटील, मग बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसायला लागल्या.

"हां," आजी डोळे पुसत म्हणाली, "ह्यो सायब." आणि बोट माझ्याकडे नाही, फोनकडे दाखवलं.

मी प्रत्यक्ष उभा राहून जे सिद्ध करू शकलो नाही, ते ताईने पाच मैलांवरून दोन मिनिटांत केलं. त्यानंतर वाडीने मतदान करायचं ठरवलं, पण नियम मोडायला कोणी तयार नव्हतं. तोडगा आजीनेच काढला. माझा फोन ओट्यावर ठेवला. एकेकाने यायचं, आपला नंबर टाकायचा, आपले आकडे आपणच टाकायचे. आणि तेवढा वेळ मी फणसाकडे तोंड करून, डोळे मिटून उभं राहायचं. मी पाऊण तास उभा होतो. एकोणीस मतं पडली.

संध्याकाळी निकाल लागला. ताई अकरावी आली. दहावा राजापूरचा बासरीवाला. दोघांची मतं समान होती, पण त्याचा व्हिडिओ आधी आला म्हणून तो वर. एक मत, फक्त एक मत जास्त असतं तर.

ते मत कोणाचं राहिलं हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. मी तालुका पालथा घातला होता, पण स्वतः मत दिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी द्यायला बसलो होतो. नंबर विचारला तेव्हा मनात आलं, अनोळखी वेबसाइटवर आपला नंबर कशाला द्या?

दुसऱ्या दिवशी भाट्याला जाऊन मी ताईसमोर सगळं कबूल केलं. ती नारळ खवत होती. म्हणाली, "मी तरी कुठे दिलं? स्वतःचं मत स्वतःला द्यायचं, शोभतं का?" मला फार हलकं वाटलं. ते फाटकापर्यंत टिकलं. फाटकात भावोजी म्हणाले, "पहिल्या दिवशीच दिलंन तिने. माझा चष्मा लावून."

पंधरा दिवसांनी त्या वाडीचं बोलावणं आलं. सत्यनारायणाची पूजा आहे, बाईंना घेऊन या. देवळासमोर चिऱ्यांवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं, आणि दोन झाडांना बांधलेल्या चादरीचा पडदा. समोर आख्खी वाडी. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. नाव पुकारलं जाण्याआधी चादरीच्या फटीतून ताईचं डोकं बाहेर आलं. हिरवी साडी, केसात अबोली. तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

"जायचंय का तुला?" तिने हळूच विचारलं. "असेल तर आत्ताच जाऊन ये."

म्हणजे शेहेचाळीस वर्षं तिच्याही लक्षात होतं. मी नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा पुढच्या रांगेत जाऊन बसलो.

मग ताई स्टेजवर आली. कोळीण केली, कंडक्टर केला, भावोजींचा चष्मा केला, आणि शेवटी हातात पाण्याचा पेला घेऊन माझं भाषण. 'गुटुक'ला तर लोकांनी टाळ्या वाजवून तो पुन्हा करायला लावला. माझ्या शेजारी भागीआजी बसली होती. हसून हसून तिचा पदर भिजला. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे वळली.

"बाय हुबेहूब करते."

मी नम्रपणे हो म्हणालो.

माझा चेहरा बघून तिला बहुधा दया आली. माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाली, "तुमी पन बरां करता. पन तुमचा काय तेवढा सायबासारखा वाटत नाय."