डाव्या बाजूचा माइक

नागपुरात सक्करदऱ्याच्या चौकात कवडूचं रेडिओ दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. पण त्याचा जीव रमायचा ताराचंदच्या ऑर्केस्ट्रात. तिथली सगळी माइकव्यवस्था तो पाहायचा.

ऑर्केस्ट्रात मनोहरराव अकॉर्डियन वाजवत. पन्नाशी उलटलेला, हौशी माणूस. पूर्वी त्यांना स्टँडवरच्या माइकसमोर खिळल्यासारखं उभं राहावं लागे. कवडूने पोलादी पट्ट्या वाकवून, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावून दोन चिमटे केले आणि त्यांत बोराएवढे दोन माइक बसवले. एक अकॉर्डियनच्या उजवीकडे, बोटांनी दाबायच्या पट्ट्यांच्या बाजूला. दुसरा डावीकडे, बेसच्या म्हणजे खर्जाच्या बटनांपाशी. दोन्हींचा आवाज मंचावर आपापल्या बाजूच्या स्पीकरमधून येई. मनोहरराव मंचभर फिरत वाजवू लागले आणि कवडूची छाती फुगली.

चौऱ्याऐंशीच्या गणपतीत मात्र बिनसलं.

"कवडू, डावा माइक मेला गा. बेस आयकूच येऊन नाही राहिला," मनोहरराव म्हणाले.

कवडूने पाहिलं, तर भात्याच्या ओढाताणीने चिमट्याजवळची वायर खरंच तुटली होती. त्याने डाग देऊन ती जोडली, थोडी सैल सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार. त्याने सेल बदलला, पिन बदलली, माइकांची अदलाबदल करून पाहिली. तरी मनोहरराव मान हलवत म्हणाले, "नाही गा." शेवटी नंदनवन वस्तीतल्या कार्यक्रमात त्याने डाव्या माइकचा आवाज भरपूर वाढवला. बेस असा धडाडला, की पुढच्या रांगेतल्या बायांनी कानांवर हात ठेवले. ताराचंद सगळ्यांदेखत बोलला, "तुया माइकपायी माह्यं नाव खराब होऊन राहिलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कवडूने मनोहररावांना अकॉर्डियन घेऊन दुकानात बोलावलं. डावा माइक डाव्या कानात, उजवा उजव्या कानात ऐकू येईल असा हेडफोन जोडला. आधी त्यांना वाजवायला लावून स्वतः ऐकलं. दोन्ही आवाज स्वच्छ होते. मग हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला.

"आता?"

"उजवा मस्त. डावा बंद."

कवडूने वायरींना हात लावला नाही. फक्त हेडफोन उलटा करून घातला. मनोहररावांनी भाता ओढला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां, आता आला बेस! पण उजवा काहून बंद केला?"

"म्या काहीच बंद नाही केलं, मनोहरराव," कवडू म्हणाला. "फक्त हेडफोन फिरवला."

भाता हळूहळू मिटला. त्यांनी हेडफोन काढला आणि ते डावा कान बोटाने चोळत बसले.

"उन्हाळ्यापासून शिट्टी वाजते कानात," ते म्हणाले. "सर्दी असन म्हटलं." मग त्यांनी कवडूचा हात धरला. "ताराचंदले सांगू नको गा. दुसरं काय येते मले?"

संध्याकाळी तालमीच्या वेळी ताराचंदने विचारलं, "काय होतं मंग?"

"वायर तुटली होती."

"चार कार्यक्रम नासवले, अन् आता वायर म्हणते! उद्यापासून येऊ नको."

कवडूने मनोहररावांकडे पाहिलं. ते खाली मान घालून अकॉर्डियनचा पट्टा आवळत होते.

नवा माइकवाला आला. त्याच्याकडेही डाव्या बाजूची तक्रार सुरू झाली आणि दसऱ्यापर्यंत सगळ्यांना काय ते समजलं. डॉक्टरांनी कानाची नस गेली म्हणून सांगितलं. मनोहररावांनी ऑर्केस्ट्रा सोडला.

दिवाळीनंतर एका सकाळी ते दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. "त्या दिवशी म्या बोलाले पाहिजे होतं. तोंडच नाही उघडलं."

दोन महिने कवडूने मनातल्या मनात त्यांच्याशी भांडण केलं होतं. जाऊ द्या, झालं गेलं, असं म्हणावं असं त्याला वाटलं, पण ते खरं झालं नसतं. "बसा," तो म्हणाला, "चहा सांगतो."

चहा पिता पिता ते सांगत होते, की आता घरी तीन मुली पेटी शिकायला येतात. कवडू ऐकत होता. ताराचंदचं बोलावणं त्याला पुन्हा कधीच आलं नाही.