उरलेल्या गोळ्या

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधं देणारा तो माणूस प्रत्येक सूचना दोनदा सांगायचा, दुसऱ्यांदा जरा हळू. "दर चार तासांनी द्यायची. दर चार तासांनी." बाबांच्या कॅन्सरच्या दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्या मी त्याच्याकडून आणायचो. पूर्वी त्या आणायला मांडव्याहून लाँचने मुंबई गाठावी लागे. मग आमच्या दवाखान्यालाच त्या ठेवायची परवानगी मिळाली. कायदा कडक, म्हणून कपाटाला दोन कुलपं, आणि माणूस गेला की उरलेली प्रत्येक गोळी परत करायची. चाव्या त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात असत. कपाट उघडताना तो रांगेकडे पाठ करायचा आणि तसाच विचारायचा, "झोप लागते ना त्यांना? लागते ना झोप?" मी हो म्हणायचो.

बाबांचं तेरावं झाल्यावर मी डबी घेऊन गेलो. त्याने गोळ्या कागदावर ओतल्या, मोजल्या, वही पाहिली आणि पुन्हा मोजल्या. वहीप्रमाणे पाच उरायला हव्या होत्या. एकोणचाळीस होत्या.

"संध्याकाळची देत नव्हतो," मी म्हणालो. "सवय लागेल अशी भीती वाटायची. बाबाही म्हणायचे, ऱ्हाऊ दे, सोसवतंय."

त्याने चष्मा काढून पुसला. "बऱ्याच घरी असंच होतं," तो म्हणाला. मी थांबलो, पण हे त्याने एकदाच सांगितलं. मग वहीत आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे अक्षरी, एकोणचाळीस. खाली मी सही केली.