मंडपामागचं शवासन

"उद्या या बरं," असं म्हटलेलं डोमाभाऊंना अजिबात खपत नसे. "ताई, उद्याचं नोका बोलू जी. आज आलो न? बस." एवढं बोलून चटई गुंडाळायची आणि चालू लागायचं. मी आपली दारात उभी, उद्याची काळजी करत. मुळात मी घाबरट. बँकेतून निवृत्त झाल्यावर इतवारीजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विनामोबदला योग शिकवू लागले, तेही जीव मुठीत धरूनच. सकाळी एखादी चटई रिकामी दिसली की मी लगेच फोन लावत सुटायची.

डोमाभाऊ उमरेडच्या विणकर घरातले. हातमाग बंद पडला, मग इतवारीत भांड्यांच्या दुकानात हमाली, आणि तिथेच दारू लागली. ती सुटून आठ महिने झाले होते. आसनं करताना तोंड सतत चालू. "मागावर बसून पाठ वाकली जी, आता तुम्ही सरळ करून राहिल्या!" शवासनात मात्र डोळे टक्क उघडे.

"काहून मिटत नाही?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मिटले का बाटली दिसते."

मी म्हटलं, "बरं, उघडे ठेवा. पण कधी फारच तलफ आली, तर असाल तिथे पाठीवर पडा आणि नुसता श्वास बघा."

मग त्यांच्या मुलीचं, सुषमाचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला ते स्वतः घरी आले. "लेकीनं एकच मांगलं, ताई. बाबा, त्या दिवशी पिऊ नोका. अन् वऱ्हाडी तर पाजल्याबिगर सोडत नाहीत. तुम्ही याल न?" तेव्हापासून माझ्याच घरचं कार्य असल्यासारखी धाकधूक.

लग्नाच्या दिवशी भरदुपारी, अक्षतांच्या तोंडावर, वधूपिता गायब. मी मंडपामागे धावले. आचाऱ्याच्या भट्ट्यांपलीकडे, नव्या कोऱ्या सदऱ्यात, डोमाभाऊ मातीत उताणे. डोळे मिटलेले. भोवती घोळका. "आजही ढोसलीच!" व्याही ओरडत होते. खरं सांगते, मलाही तेच वाटलं. मी खाली बसले आणि, कसं सांगू, वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला.

काही नव्हतं.

"घ्या ताई, नीट घ्या," डोळे न उघडताच ते म्हणाले. "नवरदेवाच्या मामानं गिलास देल्ला होता हातात. सांडून इकडे आलो. छातीतली धडधड थांबून नोयती राहिली, म्हणून पडलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा, डोमाभाऊ."

"माफी काहून? सुषमी तर रोज घेते वास."

तेवढ्यात शालू उचलून धरत सुषमाच धावत आली. घोळका बाजूला झाला. डोमाभाऊ घाईघाईनं उठून बसले आणि सवयीनं त्यांनी तोंड तिच्यापुढे केलं.

तिनं वास घेतला नाही. त्यांच्या मागे जाऊन ती सदऱ्यावरची माती झटकू लागली. "चाला बाबा," ती म्हणाली, "सगळे थांबून राहिले."